छतावरची वीज विकायची कुणाला?

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने हरित विजेच्या मुक्त प्रवेशाचे नियम केले आणि आधीची १ मेगावॉटची अट १०० किलोवॉटवर आणली. त्यामुळे एखादे मोठे हॉटेल, शीतगृह किंवा मध्यम कारखाना आज वितरण कंपनीला सांगू शकतो, की तारा तुमच्या आहेत, त्यांचे भाडे घ्या. वीज मात्र मी मला परवडेल त्या सौर प्रकल्पाकडून घेईन. त्याच तारेवर थोडे पुढे एक घर असते. त्याच्या गच्चीवर ३ किलोवॉटची पॅनेल असतात, बँकेचा हप्ता चालू असतो आणि भर दुपारी घरात वापरून उरलेली वीज तारेवर जात असते. या घराला मात्र गिऱ्हाईक एकच. ज्या कंपनीकडून ते रात्री वीज विकत घेते, तीच कंपनी दुपारी त्याची वीज घेते. दर, मोजमाप आणि हिशेबाची पद्धत या तिन्ही गोष्टी या घराला न विचारता ठरतात. वीज कायदा २००३ मध्ये झाला आणि वीजनिर्मिती परवानामुक्त झाली, त्याला दोन दशके उलटून गेली. कारखान्याला मिळालेले विक्री-खरेदीचे स्वातंत्र्य लाखो छतांना अजून मिळालेले नाही, आणि ते आता मिळाले पाहिजे. त्यासाठी नेट मीटरिंगच्या पलीकडे जावे लागेल, हे सौरऊर्जेच्या बाजूच्या माणसांनीच आधी बोलायला हवे. कारण हा विषय आपण काढला नाही, तर तो दुसरे कुणी काढेल आणि त्याची किंमत छतवाल्यांना मोजावी लागेल.

नेट मीटरिंगने आजवर केलेले काम मोठे आहे. महाराष्ट्रात त्याचे पहिले नियम २०१५ मध्ये आले, सध्याचे २०१९ चे आहेत. सामान्य माणसाला समजेल असा एकच हिशेब त्याने दिला: तारेवर एक युनिट टाका, एक युनिट परत घ्या. या सोपेपणामुळेच बँका कर्ज द्यायला तयार झाल्या आणि पॅनेल बसवणारे गावोगावी तयार झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ७५,०२१ कोटी रुपयांची पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आणि २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांचे उद्दिष्ट. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीशिवाय मंजुरी देण्याचा नियमही त्याच महिन्यात झाला. या योजनेत गुजरातनंतर महाराष्ट्राचे नाव घेतले जाते. हे सगळे नेट मीटरिंगच्या साध्या वचनावर उभे राहिले आहे, आणि ते वचन देणाऱ्यांनी चूक केली असे मला मुळीच वाटत नाही.

पण एका घराचे एका महिन्याचे बिल नीट वाचून पाहा. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट देते, म्हणजे ३ किलोवॉटचे ३६० झाले. घराचा वापर ३०० युनिट धरू. दिवसा फ्रिज, पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर यांत समजा १०० युनिट थेट गच्चीवरूनच लागले. उरलेले २६० तारेवर गेले. संध्याकाळनंतर दिवे, टीव्ही, एसी, गिझर यांना २०० युनिट तारेवरून आले. मीटरने २६० मधून २०० वजा केले, ६० युनिट पुढच्या महिन्यात जमा झाले आणि हाती आले फक्त स्थिर आकाराचे बिल. घर खूश. आता हाच व्यवहार तारेच्या बाजूने पाहू. दुपारी बारा वाजता आलेले युनिट आणि रात्री आठ वाजता दिलेले युनिट या हिशेबात एकाच मोलाचे धरले गेले. वीज विनिमय बाजारात मात्र रात्रीच्या मागणीच्या वेळी भाव कित्येकदा युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो आणि दुपारी तो त्याच्या काही अंशावर येतो. मे २०२५ मधल्या एका रविवारी तर तत्काळ बाजारात दुपारचा भाव शून्यापर्यंत घसरला होता. म्हणजे दुपारचे स्वस्त युनिट घेऊन रात्रीचे महाग युनिट बदल्यात देण्याचा हा सौदा आहे आणि त्यातला फरक कुणीतरी भरतो. छतांची संख्या थोडी असते तोवर तो जाणवत नाही.

एवढ्यावर थांबलो तर मात्र वितरण कंपनीची बाजू मांडून झाली आणि दुसरी राहून गेली. गच्चीवरून निघालेले ते दुपारचे युनिट चंद्रपूरहून येत नाही. त्याला अतिउच्च दाबाच्या वाहिन्या लागत नाहीत. ते त्याच डीपीवरच्या दुसऱ्या घरात, बहुधा शंभर-दोनशे मीटरवर खर्च होऊन जाते. शेजारचे ते घर महिन्याला १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात असेल, तर त्या युनिटासाठी ते वहन आकारासह १० रुपयांहून जास्त मोजते. वर्षअखेरीला छतवाल्याची जी युनिटे शिल्लक उरतात, त्यांचे पैसे मात्र त्याला घाऊक खरेदीच्या जवळपासच्या दराने मिळतात. वस्तू तीच, गल्लीही तीच, पण घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात एवढे अंतर. या अंतरात तारांचा खर्च आहे, गळती आहे, शेतीपंपांची आणि गरीब घरांची सवलत आहे आणि अकार्यक्षमताही आहे. यातले काय किती, हे आजच्या बिलावरून कुणालाच कळत नाही. नेट मीटरिंग छतवाल्याला कधी जास्त देते, कधी कमी देते, आणि त्याच्या विजेचे खरे मोल मात्र झाकून ठेवते. भावाशिवाय बाजार चालवला की असेच होते.

हे असेच चालू ठेवले तर पुढे काय होते, ते ऑस्ट्रेलियात दिसून आले आहे. तिथे आज साधारण दर तीन घरांमागे एका घरावर पॅनेल आहेत. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये २००२ पासूनच घरगुती ग्राहकाला विक्रेता निवडण्याचा हक्क आहे. २०१० च्या आसपास या राज्यांनी छतावरच्या विजेला युनिटमागे ६० सेंटपर्यंत भाव दिला. हा बाजारभावाच्या कितीतरी पट होता आणि लोकांनी अर्थातच रांगा लावल्या. खर्च पॅनेल नसलेल्यांच्या बिलात गेला, ओरड झाली आणि दर झपाट्याने खाली आले. व्हिक्टोरियाच्या आयोगाने २०२५-२६ साठी ठरवलेला किमान दर ०.०४ सेंट होता, म्हणजे नसल्यासारखाच. पुढे तर किमान दराची सक्तीच तिथल्या सरकारने काढून टाकली. दक्षिण ऑस्ट्रेलियात काही दुपारी एकट्या छतांनी सगळ्या राज्याची मागणी भागवली आणि ग्रिड सावरण्यासाठी छते दूरवरून बंद करण्याची सोय करावी लागली. आधी अतिरेकी कौतुक आणि मग अतिरेकी कपात, असा हा प्रवास आहे. पण त्याच देशाने पुढे जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. जुलै २०२५ पासून तिथले केंद्र सरकार घरगुती बॅटरीला जवळपास ३० टक्के सवलत देते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने जाहीर केले, की जुलै २०२६ पासून काही राज्यांत विक्रेत्यांना दुपारचे किमान तीन तास वीज फुकट देण्याची योजना ग्राहकापुढे ठेवावी लागेल, आणि ती पॅनेल नसलेल्या, भाड्याने राहणाऱ्या घरालाही मिळेल. दुपारच्या सुकाळाचा वाटा गच्ची नसलेल्यांपर्यंत पोहोचवण्याचा हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

शेजारच्या पाकिस्तानातली गोष्ट अधिक कडू आहे. महाग आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळून लोकांनी एकट्या २०२४ मध्ये सुमारे १७ गिगावॉटची पॅनेल आयात केली. ज्यांना परवडले ते सावरले. वीज प्रकल्पांना द्यावयाच्या स्थिर खर्चाचा बोजा मात्र उरलेल्यांवर पडला, त्यांची बिले वाढली आणि त्यांतलेही आणखी काही पॅनेलकडे वळले. मार्च २०२५ मध्ये सरकारी समितीने नव्या छतांसाठी खरेदीदर युनिटला २७ रुपयांवरून १० रुपयांवर आणण्याचा निर्णय घेतला. भाव ठरवण्याची रीत वेळेवर उभी केली नाही, की मग संकट आल्यावर असा एका फटक्यात तोडगा काढावा लागतो. कॅलिफोर्नियानेही १५ एप्रिल २०२३ पासून नव्या छतांचा निर्यातभाव सुमारे तीन चतुर्थांशाने कापला. फरक इतकाच, की जुन्या ग्राहकांना वीस वर्षांची हमी तशीच ठेवली.

महाराष्ट्रात हा दिवस लांब आहे असे समजण्याचे कारण नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून हजारो मेगावॉट सौरवीज थेट शेतीच्या फीडरवर येते आहे, आणि तीही युनिटला ३ रुपयांच्या आसपास. दुपारची वीज राज्यात मुबलक होत जाणार, हे नियोजनच आहे. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली, ती याच कारणाने. म्हणजे विजेला घड्याळ असते हे आपण ग्राहकाच्या बाजूने मान्य केले आहे. उत्पादकाच्या बाजूने मात्र अजून नाही. २०२५ च्या दरप्रस्तावाच्या वेळी सौर तासांतली वीज सौर तासांतच वळती करण्याचा मुद्दा निघाला, तेव्हा छतवाले धास्तावले आणि घरगुती ग्राहकांना त्याची झळ लागणार नाही असे खुलासे करावे लागले. पण अशा खुलाशांच्या भरवशावर पंचवीस वर्षे टिकणारी पॅनेल कुणी का बसवावीत?

मग करायचे काय? छतावरून तारेवर गेलेल्या प्रत्येक युनिटाची नोंद वेळेसह व्हावी आणि त्याला त्या वेळेचा भाव मिळावा. दुपारी तो कमी असेल, संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत चांगला असेल. ज्याने पॅनेलसोबत बॅटरी ठेवली आणि रात्री आठला वीज दिली, त्याला त्या कष्टाचे मोल मिळेल. आज त्याला बॅटरी ठेवण्याचे एकही आर्थिक कारण नाही. भावाला राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेला तळ असावा, म्हणजे व्हिक्टोरियासारखी अवस्था होणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही वीज कुणाला विकायची, हे घराने ठरवावे. ब्रिटनने १ जानेवारी २०२० पासून दीड लाखांहून जास्त घरगुती ग्राहक असलेल्या प्रत्येक वीज विक्रेत्याला छतांची वीज विकत घेण्याचा दर जाहीर करणे सक्तीचे केले. तिथले घर वीज एकाकडून घेते आणि आपली वीज दुसऱ्याला विकू शकते, त्यामुळे विक्रेत्यांत छतवाल्यांसाठी चढाओढ लागते. आपल्याकडे उत्तर प्रदेशच्या नियामक आयोगाने लखनौतल्या प्रयोगानंतर २०२३ मध्ये घराने घराला सौरवीज विकण्याचे नियम केले. वर सांगितलेल्या गल्लीत हा व्यवहार मांडून पाहा. छतवाल्याने दुपारचे युनिट शेजाऱ्याला ५ रुपयांना दिले, शेजाऱ्याने त्यावर कंपनीला तारांचे भाडे, गळती आणि हिशेबाचा खर्च म्हणून आणखी अडीच रुपये भरले, तरी त्याला ते साडेसात रुपयांना पडेल. विकणारा वर्षअखेरीच्या दरापेक्षा जास्त कमावतो, घेणारा दोन-तीन रुपये वाचवतो आणि कंपनीला तारेचे पूर्ण भाडे मिळते.

यात कंपनीचा तोटा नाही का? आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याच्या १० रुपयांतून जे दोन-तीन रुपये सुटले, त्यातच दुसऱ्याच कुणाची तरी सवलत दडलेली होती. राज्यातली बहुसंख्य घरे महिन्याला १०० युनिटांच्या आत वीज वापरतात आणि त्यांचा दर कमी राहावा म्हणून जास्त वापरणारी घरे, दुकाने आणि कारखाने जास्त मोजतात. सुस्थितीतली घरे एकमेकांना वीज विकू लागली, तर गरीब घराची सवलत कोण भरणार? माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. पण सवलत दराच्या पोटात लपवली तरच टिकते, हे खरे नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने मोफत वीज दिली आणि त्यापोटी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा भार उघडपणे अंदाजपत्रकात घेतला. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर वाद घालता येतो. कारण आकडा सर्वांसमोर आहे. गरीब घरांच्या सवलतीचेही असेच व्हावे. जोवर तसे होत नाही, तोवर घरा-घरांतल्या विक्रीवर युनिटमागे एक लहानसा, उघड अधिभार लावून तो त्याच कामासाठी राखून ठेवता येईल. गरिबांच्या नावाने बाजार अडवणे आणि गरिबाच्या छतावर मात्र काहीच न बसवणे, ही आजवरची रीत त्यांच्या काहीच कामाची नव्हती. दारिद्र्यरेषेखालील आणि १०० युनिटांच्या आतल्या घरांना छतासाठी राज्याचे जादा अनुदान आता सुरू झाले आहे. अशा घराचा वापर कमी असल्याने त्याच्याकडे वीज उरेल. ती चांगल्या भावाने विकण्याचा हक्क त्यालाच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

दुसरा आक्षेप मागच्या दाराने खासगीकरण येण्याचा आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी समांतर परवान्याच्या विरोधात संप केला तेव्हा त्यांची भीती अशी होती, की खासगी कंपनी नवी मुंबई-ठाण्यासारखा चांगले बिल भरणारा भाग उचलेल आणि तोट्यातली खेडी सरकारी कंपनीकडे राहतील. ही भीती मला रास्त वाटते. पण मी म्हणतो आहे तो बाजार दुसरी तार टाकून येणाऱ्या एका बड्या कंपनीचा नाही. तार एकच, सार्वजनिक मालकीची, आणि तिच्यावर हजारो लहान विक्रेते. या दोन्हींतला फरक मुंबईने जवळून पाहिला आहे. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याच्या आयोगाने उपनगरांतल्या ग्राहकांना रिलायन्सच्या तारेवरूनच टाटाची वीज घेण्याची मुभा दिली. घराला विक्रेता निवडता येण्याची ही आपल्या देशातली अपूर्व घटना होती. लाखो ग्राहकांनी कंपनी बदलली. एकच तार दोघांनी वापरली आणि ती व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या उत्तम चालली. भांडण पेटले ते पैशावर: जुनी थकीत वसुली कुणी भरायची, बदलून गेलेल्याने अधिभार द्यायचा की नाही, मोठे ग्राहक पळवले आणि लहान टाळले का. आयोगाचे आदेश, अपील, पुन्हा आदेश यांत वर्षे गेली. मुंबईच्या त्या सगळ्या खटल्यांमधून निघणारा धडा इतकाच, की तारेचे भाडे आणि सामाजिक सवलतीचा खर्च हे दोन आकडे विजेच्या भावापासून आधीच वेगळे काढून ठेवावे लागतात. ते न करता बाजार उघडला, तर फायदा वकिलांचा होतो.

लोकांना हे सगळे झेपेल का, असेही विचारले जाते. दर तासाला भाव बघत कोण बसणार? कुणीच बसू नये. पन्नास-शंभर छते एकत्र करून त्यांच्या वतीने विक्री करणारी सहकारी संस्था किंवा कंपनी हे काम करील आणि घराच्या हाती महिन्याचा एक साधा हिशेब येईल. दूध संघ, पतपेढ्या आणि साखर कारखाने चालवलेल्या राज्याला अशा सहकाराची ओळख करून द्यायला नको. मीटरबद्दलचा अविश्वास मात्र खरा आहे आणि तो लोकांच्या अडाणीपणातून आलेला नाही. प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध २०२४ मध्ये एवढा रोष उसळला, की सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही असे सरकारला सांगावे लागले. त्या मीटरमधून ग्राहकाला फक्त आधी पैसे भरण्याची आणि लाइट तुटण्याची भीती दिसत होती. तोच मीटर संध्याकाळी विकलेल्या युनिटाचे पैसे मोजून देणार असेल आणि त्यातली नोंद ग्राहकाच्या मालकीची असेल, तर चर्चेचा सूर बदलेल.

गच्चीच नसलेल्यांचे काय? मुंबई-पुण्यात राहणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही, वरच्या मजल्याचा मालक दुसराच असतो किंवा सोसायटीची गच्ची टाकी आणि लिफ्टच्या खोलीने भरलेली असते. पिंपरीत किंवा डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला आजच्या धोरणात फारसे स्थान नाही. दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्येच आभासी नेट मीटरिंगची वाट काढली, ज्यात प्रकल्प एका जागी असतो आणि त्याची युनिटे अनेक घरांच्या बिलांत वाटली जातात. विक्रेता निवडता आला, तर हे याहून सोपे होते: गावातल्या शाळेच्या, गोदामाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या छपरावरची वीज शहरातल्या भाडेकरूलाही विकत घेता येईल.

राहतो प्रश्न ज्यांनी आधीच करार केले त्यांचा. त्यांना दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. नेट मीटरिंगच्या भरवशावर कर्ज काढलेल्या निवृत्त शिक्षकाच्या हिशेबाला मधूनच धक्का देण्याचा अधिकार कुणाला नाही. त्यांच्या कराराची मुदत पूर्ण होईपर्यंत जुनी पद्धत चालू राहावी, नव्या बाजारात येणे त्यांना ऐच्छिक असावे. नव्या छतांसाठी मात्र तारीख आधी जाहीर करून बदल व्हावा आणि सुरुवात काही निवडक फीडरवर व्हावी. नागपूरमध्ये छतांची संख्या राज्यात सर्वाधिक आहे, तिथेच ती करता येईल: एका उपकेंद्राखालची सगळी छते, त्यांचे शेजारी, तासावार मीटर, वेगळे दाखवलेले तारेचे भाडे आणि वर्षभराचे सगळे हिशेब जनतेसाठी खुले. यासाठी संसदेत नवा कायदा होण्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तर प्रदेशच्या आयोगाने हे २००३ च्या कायद्याखालीच केले, आणि महाराष्ट्राच्या आयोगाकडेही तेच अधिकार आहेत.